किन्हीराजाचा आखूड किलोमीटर

नानाजींचं म्हणणं असं, की अख्ख्या किन्हीराजा गावात सायकल चालवणारे दोनच. एक आपण, आणि दुसरा अजून जन्माला यायचाय! वय पासष्ट, गुडघे कुरकुरे. पण सायकलीचा विषय निघाला की गडी थेट पंचविशीत जायचा.

दिवाळीत ते म्हशीला धडकून पडले. म्हैस उभीच होती! बायको सोजरबाई भडकली. "बस झालं! सायकल भंगारात गेलीच समजा!"

"अवं, पंधराच्या स्पीडनं चालवतो मी! म्हतारे चालवतात का तशी?"

"दाखवा मंग पंधरा! नाई निघाले, तं भंगारवाला रविवारी येतेच."

भाच्यानं पुण्याहून पाठवलेला सायकलचा मीटर पडूनच होता. नानाजींनी तो हँडलला बसवला, मिशीला पीळ दिला आणि अशी सायकल हाणली, की सकाळची भाकर वाटेतच जिरली. मीटरनं दाखवले साडेनऊ.

साडेनऊ! नानाजींना पटेचना. असं कसं होईल बुवा? त्यांनी कारंजाच्या रस्त्यावर एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत सायकल नेऊन पाहिली. मीटर पुढं सरकला फक्त पॉइंट बासष्ट. पुन्हा नेली. पुन्हा पॉइंट बासष्ट! आता मात्र नानाजींच्या डोक्यात किडा वळवळला. दोघांतलं कोणीतरी नक्की खोटं बोलतंय. दगड खरा असेल, तर मीटर चोर आणि सायकल वाचली. मीटर खरा असेल, तर सायकल भंगारात!

"मशीन कायले खोटं बोलंल?" सोजरबाईनं निकाल दिला. "दगडच जवळजवळ गाडले असतीन."

नानाजी गप्प बसणारे नव्हते. कपड्याच्या दुकानातून लोखंडी मीटर मागून आणला, विहिरीचा दोर पन्नास मीटरवर तोडला आणि बालमित्र उकंडरावला दुसरं टोक धरायला लावलं. दोघे रस्त्याच्या कडेनं मोजत निघाले. दोर ताणायचा, चुन्याची रेघ मारायची, पुढं सरकायचं.

सातव्या रेघेवर मालेगावची प्रवाशांनी भरलेली जीप थांबली. "काय चालू हाय बापा?"

उकंडरावला तेवढंच पाहिजे होतं. छाती फुगवून म्हणाला, "रस्ता मोजून राह्यलो!"

जीप गेली. विसाव्या रेघेला दोर बरोबर पुढच्या दगडाला टेकला. हजार मीटर! नानाजी रस्त्यावरच नाचले.

इकडं जीपनं बातमी गावोगाव पोचवली. रस्ता रुंद होणार, मोजणी झाली, मोबदला झाडागणिक! दुसऱ्या दिवशी नानाजी पाहतात तो काय, रस्त्याकडेच्या वावरात जो तो खड्डे खणतोय. आणि सगळ्यांच्या पुढं कोण? उकंडराव! त्यानं उभी तूर उपटून संत्र्याची चाळीस कलमं लावली होती.

"काऊन बे उकंड्या, तूर कायले उपटली?"

"रस्ता येऊन राह्यला ना!"

"कोन म्हनते?"

"सारा तालुका म्हनते! अन् मी तं सोता दोर धरला होता!"

नानाजी तसेच घरी पळाले. सून वर्षाराणी अंगणात मीटर न्याहाळत होती.

"मामाजी, हा मैलात लावला हाय जी." तिनं एक बटण दाबलं. "एका मैलात किलोमीटर दीडाच्या वर बसते. तुमचे साडेनऊ म्हंजे सव्वापंधरा!"

"म्हंजे... मी पयल्याच दिवशी जितलो होतो?"

"व्हय जी. मले इचारलं असतं तं!"

नानाजींना हसावं का रडावं कळेना. एवढ्यात फाटकाबाहेर आरडाओरडा झाला. रस्ताबिस्ता काही येणार नाही, हे उकंडरावला एव्हाना कळलं होतं.

सोजरबाईनं स्वतः सायकल परसदारी आणून उभी केली. "ठेवा ही, खुशाल ठेवा. पन आता बसा अन् निघा! उकंडराव कुदळ घेऊन येऊन राह्यले."

नानाजी कारंजाच्या रस्त्याला सुटले. गुडघे कुरकुरायचं विसरले. पहिल्या दगडाशी त्यांनी हळूच मीटर पाहिला. अठरा! तेही किलोमीटरमध्ये! जन्मात एवढा स्पीड कधी निघाला नव्हता, आणि तो बघायला साक्षीदार होता एकटा उकंडराव.

तो मोटारसायकलवर होता.