कारणाचा रकाना

तरेभाऊ कागदाची बटणं खिशात घेऊन फिरतात. मोबाइलच्या पडद्यावर आपण जी बटणं दाबतो ती रेखाटणं, हे त्यांचं काम. पण पडद्यावरच्या बटणावर त्यांचा भरवसा नाही. ते बटण कागदावर छापतात, कात्रीने कापतात आणि मानकोलीच्या नाक्यावर चहा पीत उभ्या असलेल्या कुठल्याही ड्रायव्हरपुढे धरतात. "भाई, जरा दबाके देखो." तो बिचारा कागद दाबतो. होत काहीच नाही. तरेभाऊ मात्र बोट नेमकं कुठे पडलं त्यावर पेनाने खूण करतात आणि समाधानाने जिना चढून वर येतात. एका ड्रायव्हरने तर दाबून झाल्यावर बक्षीस कधी मिळणार, असंही विचारलं होतं.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. आमचं ऑफिस नितीनशेठच्या गोदामावरच्या मजल्यावर आहे. गोदामातल्या कामगारांच्या हातात मोबाइलसारखं एक यंत्र असतं, कुठला माल कुठल्या रॅकवरून उचलायचा ते त्यावर दिसतं. त्याचं ॲप आम्ही बनवतो. ते अडलं की फोन मला येतो आणि शिव्याही मलाच. त्यामुळे तरेभाऊंच्या बटणांशी माझ्या रक्तदाबाचं जवळचं नातं आहे.

मोरेश्वर तरे पूर्वी ट्रकच्या पाठीमागे अक्षरं रंगवायचे. चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकले, पण स्वभाव रंगाऱ्याचाच राहिला. बटणांबद्दल त्यांचे कायदे आहेत. "रागाचं आन् कामाचं बटान शेजारी न्हाय ठेवायचं," हा पहिला. म्हणजे 'रद्द करा' आणि 'माल उचलला' यांच्यात भरपूर जागा हवी. दुसरा कायदा असा की, "मानूस घाईत हाय, बटान घाईत नको." आमच्या घरी सत्यनारायणाला आले तेव्हा त्यांनी दारावरची बेल तीनदा वाजवली आणि तीर्थ घ्यायच्या आधी, तिची कळ फार कडक आहे, असं माझ्या सासऱ्यांना सांगितलं. सासरे अजून ती बेल वाजवताना विचारात पडतात.

दिवाळीनंतर नितीनशेठने एआय एजंट आणला. हा एजंट म्हणजे माणूस नव्हे. बटणं रेखाटायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो स्वतःच शिरतो आणि आपण नियम लिहून दिले की त्याबरहुकूम बटणं तयार करतो. पहिल्याच दिवशी तरेभाऊंचा चहा निवेपर्यंत त्याने त्यांचं महिन्याभराचं काम उरकलं. तरेभाऊंनी एकेक बटण मोठं करून तपासलं, पण चूक सापडली नाही. चूक सापडली असती तर त्या दिवशी ते जेवले असते.

शेठचा हुकूम निघाला. शनिवारी चारपर्यंत तरेंनी सगळे नियम लिहून द्यायचे. जुन्या प्रत्येक बटणापुढे त्याचं माप, रंग आणि ते कशासाठी आहे ते कारण भरायचं. कारणाचा रकाना रिकामा राहील ते बटण एजंट काढून टाकणार. शनिवारनंतर तरेंचं काय, हे शेठ बोलले नाहीत आणि तरेभाऊंनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. बटणांनंतर फोन उचलणाऱ्यांचा नंबर लागतो, एवढं मला कळतं.

तरेभाऊ एजंटला अहोजाहो करत. "अहो, जरा थांबा," असं टाइप करत. पलीकडून लगेच "नक्कीच" असं उत्तर येई आणि ते आणखी घाबरत. नक्की असं काय असतं, मॅडम, असं मला दिवसातून चारदा तरी विचारत. दिसेल त्या फायलीत उगाच डोकं घालत, पंखा बंद करून परत लावत.

शुक्रवारी सगळं भरून झालं. एकच बटण उरलं, 'परत सांगा'. ते दाबलं की पडद्यावरचा मजकूर तरेभाऊंच्या आवाजात ऐकू येतो. रॅक बारा, डावा खण, तीन पेट्या. आवाज असा, की गुरं हाकतायत असं वाटावं. एजंटने विचारलं होतं, "हे बटण एकाच यंत्रावर वापरलं जातं. कारण मिळालं नाही. काढू का?" तरेभाऊ उत्तर देईनात. मला वाटलं, आपली खुर्ची टिकावी म्हणून हे अडून बसलेत. मी चिडून त्यांना तसं बोललेही. आता लाज वाटते.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत माझाच धीर सुटला. ते एक यंत्र कोणाकडे आहे ते मी शोधलं. शेठचं कशेळीचं गोदाम, दुपारी दोनची दुसरी शिफ्ट, वनिता मोरेश्वर तरे, म्हणजे त्यांची बायको. मी तरेभाऊंकडे पाहिलं.

"कामाला लागली तवा तिला वाचता येत नव्हतं," ते हळू आवाजात म्हणाले. "कोनाला सांगितलं न्हाय. म्हनून बटान केलं."

मग तसंच लिहा, मी म्हणाले. नाव कशाला घालायचं, काही कामगारांना वाचता येत नाही, एवढं पुरेल.

"खोटं होईल, मॅडम. पोरीने तिला वाचायला शिकवलं, त्याला दोन वर्सं झाली. आता फाडफाड वाचते." ते पडद्याकडे बघत राहिले. "तरी दाबते. ती येते तवा मी झोपलेला, मी निघतो तवा ती. सुट्टी तिला बुधवारी, मना रविवारी. हे रकान्यात काय लिहू?"

मी त्यांचा कीबोर्ड ओढला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'तक्रार विभागाच्या मागणीवरून. काढू नये.' खाली माझं नाव घातलं. आमच्याकडे तक्रार विभाग म्हणजे मी एकटीच. एजंटने नोंद केली. शेठने विचारलं तर काय सांगायचं, ते मी मनात जुळवायला लागले.

तरेभाऊंनी मान हलवली, पण नजर पडद्यावरून काढली नाही. त्या बटणाच्या पुढे, आज ते किती वेळा दाबलं गेलं, त्याचा आकडा असतो. तिथे शून्य होतं. दोन वाजून गेले. खाली रस्त्यावर कंटेनर एकामागे एक अडकून हॉर्न मारत होते, आणि कशेळीपर्यंत हीच रांग असणार होती. दोन वाजून सात मिनिटांनी शून्याचा एक झाला.

"पोचली," तरेभाऊ म्हणाले.