थोरलं झाड हं म्हणतं

दुपारी दोन ते तीन बागेतला माळी कुठे असतो, हे थोरलं झाड सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या झाडाची मुळं जमिनीवर आलेली, गुडघ्याएवढी उंच. मागच्या बाजूला दोन मुळांच्या मध्ये एक माणूस आडवा होईल एवढी खोबण होती. माळी तिथे पोती अंथरून झोपायचा. पानांतून ऊन पोटावर सांडायचं, वारा दुसऱ्याच कुठल्या तरी गावाहून आल्यासारखा यायचा, आणि तासभर माळी या जगात नसायचा.

तसा तो कामाचा माणूस. फक्त बोलायचं ते सगळं रोपांशी बोलून संपवायचा. "का रे, आज मान टाकलीस?" असं गुलाबाला विचारायचा, आणि घरी बायकोने काहीही विचारलं तरी म्हणायचा, "हं." लेक नोकरीसाठी परगावी गेल्यापासून घरात तेवढाच एक आवाज उरला होता.

एका बुधवारी दुपारी बागेत चित्रवाल्या ताई आल्या. सोबत वस्तीतली बारा माणसं, बारा चटया आणि रंगांचे डबे. झाडांत बसून चित्रं काढायची आणि मन हलकं करायचं, असा त्यांचा उपक्रम होता. बागेच्या साहेबांनी तीन महिन्यांची परवानगी दिली होती, तीही गवत तुडवायचं नाही या अटीवर.

"प्रत्येकाने एक झाड निवडा," ताई म्हणाल्या. "खोडाला कपाळ टेका, मनात साठलंय ते सांगा. मग जरा थांबा आणि जे वाटेल ते रंगवा."

दंतवैद्याने थोरलं झाड निवडलं.

"दिवसभर माणसं माझ्यासमोर तोंड उघडून बसतात," तो खोडाला म्हणाला, "पण बोलत कुणीच नाही. मी मुलाबाळांचं विचारतो, ते म्हणतात 'आं'. हवापाण्याचं विचारतो, तरी 'आं'. माझं म्हणणं कुणापर्यंत पोचतं की नाही, देव जाणे."

खोडामागे माळी साखरझोपेत होता. कुणीतरी काहीतरी सांगतंय एवढंच त्याला कळलं, आणि सव्वीस वर्षांच्या संसारातल्या सवयीने तो म्हणाला, "हं."

दंतवैद्याने झाडाला मिठीच मारली. "ताई, झाड 'हं' म्हणालं!"

"म्हणतात झाडं," ताई शांतपणे म्हणाल्या. अशी उत्तरं द्यायचं त्यांनी रीतसर शिक्षण घेतलं होतं. दंतवैद्याने त्या दिवशी अख्खा कागद निळा केला आणि घरी शीळ घालत गेला.

पुढच्या बुधवारी बाकीची झाडं ओस पडली. थोरल्या झाडासमोर रांग लागली. माळ्याची झोप पहिल्या तिघांतच उडाली, आणि काय घोटाळा झालाय ते त्याच्या ध्यानात आलं. कामाच्या वेळी झोपताना सापडला असता तर नोकरीवर पाणीच सोडावं लागलं असतं. त्याच्या पुढच्या बुधवारी तो शहाण्यासारखा अवजारांच्या खोलीत झोपायला गेला.

त्या दिवशी झाड गप्प राहिलं. दंतवैद्याने कागद काळा केला. शिवणकाम करणाऱ्या काकूंनी झाड आडवं पडलेलं काढलं. निवृत्त टंकलेखकाने कागदभर नुसते पूर्णविराम दिले. ताई एकेक चित्र बघत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. पाण्याची झारी घेऊन तिथून जाताना माळ्याने हे पाहिलं. मान टाकलेलं रोप त्याला कधी बघवायचं नाही, इथे तर बारा होती. पुढच्या बुधवारी दोनला दोन मिनिटं कमी असताना तो मुकाट्याने मुळांमध्ये जाऊन बसला.

आता झोप कसली? ऐकावंच लागे. आणि ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आलं, की एकाच मापाचा 'हं' सगळ्यांना बसत नाही. काकूंना लांब लागायचा, टंकलेखकाला दोन आखूड. कधी नुसता उसासा पुरायचा. माणसं हलकी होऊन चटईवर जायची, ब्रश पाण्यात बुडायचे, कागदांवर हिरवं-पिवळं उमलत राहायचं, आणि माळ्यालाही उगाचच बरं वाटायचं.

रांगेची बातमी साहेबांच्या कानावर गेली. ते पाहणीला आले. सगळे चित्रांत गुंगलेले पाहून त्यांनी टोपी काढली आणि खोडाला हळूच कपाळ टेकलं.

"अठरा वर्षं झाली," ते कुजबुजले, "मला झाडांची नावं येत नाहीत. पाट्या वाचून निभावतो. पाटी पडली की माझी पाचावर धारण बसते."

"हं," झाड मायेने म्हणालं.

साहेबांना भरून आलं. "आणि आमचा एक माळी आहे. दोन ते तीन कुठे गायब होतो, पत्ता लागत नाही. शोधून काढू का त्याला?"

झाडाला जोराचा ठसका लागला.

"बरं, राहू दे!" साहेब दोन पावलं मागे सरकले. त्या संध्याकाळी परवानगी सहा महिन्यांची झाली, आणि साहेब दर बुधवारी पाहणीला येऊ लागले.

असे दोन महिने गेले. मग एका बुधवारी खोडापलीकडून आवाज आला, "झाडा, माझं थोडक्यात आहे," आणि माळी ताठ बसला. ती त्याची बायको होती.

"आमचे हे वाईट नाहीत," ती म्हणाली. "पण घरात मी बोलते आणि भिंत ऐकते. लेक म्हणते, कायमची माझ्याकडे ये. बॅग भरून ठेवलीये. जाऊ का?"

माळ्याच्या ओठांवर 'हं' आलाच होता. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"आधीच सांगते," ती पुढे म्हणाली, "तू 'हं' म्हणालंस तर जाईन. काहीच नाही म्हणालंस तरी जाईन. घरी या दोनच गोष्टी ऐकून मी विटलेय."

नोकरी, साहेब, रांग, सगळं एकदा माळ्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"नको जाऊस," झाड म्हणालं.

आणि मग झाडाला थांबता येईना.

"लेकीचं नाव निघालं की तू रडशील, आणि तू रडलीस की मलाही रडू येईल, म्हणून 'हं' म्हणतो. रोज येताना ठरवतो, आज हे सांगू, ते सांगू. दारात तू दिसलीस की सगळं विसरतो. गुलाबाला कळी आली की तुलाच सांगावंसं वाटतं. गुलाबाला सांगून काय उपयोग, त्याला माहीतच असतं."

"आणखी?"

"आणखी... आठवून सांगतो."

"बरं," ती म्हणाली आणि चटईवर जाऊन तिने ब्रश उचलला.

रांगेत तिच्यामागे दंतवैद्य उभा होता. तो तडक ताईंकडे गेला. "मला दोन महिन्यांत नुसता 'हं' मिळाला. यांना पहिल्याच दिवशी एवढं?"

शेवटी सगळ्यांनी चित्रं गवतावर मांडली. माळ्याच्या बायकोने थोरलं झाड काढलं होतं. हुबेहूब. फक्त खाली, मुळांच्या मागून, दोन हिरवे रबरी बूट बाहेर आले होते. डाव्या बुटाला ठिगळसुद्धा होतं.

"हे पाय आहेत का?" टंकलेखकाने विचारलं.

"मुळं आहेत," ताई भारावून म्हणाल्या. "झाड माणसासारखं रुजलंय."

साहेबांनी वाकून पाहिलं. असले बूट त्यांच्याच कार्यालयातून मिळत, आणि बागेत ते एकाच माणसाच्या पायात असत. त्यांचा चेहरा लाल झाला. मग आपण त्या खोडाला काय काय सांगून बसलोय ते आठवून पांढरा पडला.

"मुळंच आहेत ती," ते ठामपणे म्हणाले. "या जातीत अशीच येतात."

"कुठली जात, साहेब?" काकूंनी विचारलं.

साहेबांनी पाटी शोधली. नव्हती. "थोरली," ते म्हणाले.

संध्याकाळी नवराबायको घरी निघाले. रस्ता नेहमीचाच होता, पण उन्हं रंगाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी दिसत होती.

"तुला कधी कळलं?" माळ्याने विचारलं.

"दाढ दुखत होती म्हणून गेले होते. दंतवैद्याने झाड कसं 'हं' म्हणतं ते करून दाखवलं. तो 'हं' मी ओळखणार नाही? तोंड उघडून बसले होते, म्हणून गप्प राहिले."

माळी हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. त्याने ते लपवले नाहीत. भरलेली बॅग आता परत कपाटात लावायची का, असं तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "नको, त्यात माझे दोन सदरे बसतात का बघ." घर येईपर्यंत तो लेकीबद्दलच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला. आठ दिवसांची रजा. कारण: बायकोशी बोलणे व दोघांनी लेकीकडे जाणे.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"यात बुधवार येतोय."

"हो साहेब."

साहेब उठले आणि दार लावून आले. "मग दंतवैद्याचं काय करायचं?"

माळी टेबलाजवळ सरकला.

"पाठ टेकायला डावं मूळ बरं, साहेब," तो म्हणाला. "उजवीकडे मुंग्या आहेत."