ग्यासनळीची मोहीम अर्थात रिठ्याच्या फेसाची फत्ते

श्रीकौपिनेश्वर समर्थ. शके अठराशे सोळा, जयनाम संवत्सरी, ठाणे कसब्यात ग्यासनळीचे जे युद्ध जाहले त्याची ही हकीकत. युद्धाचे मूळ एका इशाऱ्यात होते आणि तो सौभाग्यवती सुमतीबाईंनी हसण्यावारी नेला, सबब प्रथम तोच लिहिला असे.

माजिवड्याच्या मिठागरावरचा नाथा मिठाची गोणी घेऊन आला. हा पूर्वी मुंबईस ग्यासच्या कारखान्यात सहा वर्षे नळ जोडीत होता. ओसरीवर नव्या नळ्यांचा ढीग पाहून तो म्हणाला, "बाय, सांध्यावं आदी फेस लाव. फुगा आला त ग्यास सुटतंय, मंग दिवा पेटवाचा नाय." सुमतीबाई पुण्याचे ट्रेनिंग कालेज करून आलेल्या. त्यांनी मनात म्हटले, आता मीठवाल्याने आम्हास रसायन शिकवावे काय. आणि मीठ मडक्यात भरून घेतले.

झाले ते असे की, त्यांचे श्वशुर, पेनशनर शिरस्तेदार राजेश्री अण्णासाहेब यांचे चित्ती आले, साहेबांच्या बंगल्यात ग्यास आणि आपले घरी एरंडेलाची समई, ही बेअब्रू. मग तेच एरंडेल तापवून ग्यास करणारी भट्टी परसात उभी केली, आणि तेथून माजघरापर्यंत नळी नेण्याचा सरंजाम हरिहर मिस्त्रीस बहाल केला. सांध्यांस सफेदा आणि ताग लावावा तर तो वाळण्यास चार दिवस लागते, आणि मुहूर्त दोन दिवसांवर. तेव्हा या नळशास्त्रनिपुणाने सांध्यांत मेण भरले आणि हात पुसले.

अक्षय तृतीयेस दोन प्रहरी आरती नेमिली. निरांजन वाऱ्याने विझू नये म्हणून खिडक्या-दारे बंद करण्याचा हुकूम सुटला. आठ महिन्यांच्या नातवाच्या हाते पहिला दिवा लावावा असा मान ठरला, आणि बाळराजे आजोबांचे मांडीवर, नळीच्या बरोबर खाली, स्थानापन्न जाहले. मिस्त्रीने परसातली चावी सोडली. वैशाखाच्या उन्हाने नळी तापलेली, मेण पाघळले, आणि गनीम न दिसता घरात शिरला.

सुमतीबाईंचे नाकास जळक्या तेलाचा उग्र दर्प आला, आणि नाथाचे बोल आठवले. परंतु सुनेने सासऱ्यांशी थेट बोलू नये, बोलणे ते लेकरास उद्देशून, हा घराण्याचा रिवाज. मग बाळराजांसच वकील केले.

"बाळा, आजोबांना सांग, वास येतो आहे, तुला घेऊन अंगणात चला."

अण्णासाहेबांनीही वकिलाकरवीच उत्तर दिले, "बाळ, आईस सांग, नव्या यंत्रास वास यायचाच. कालेजात नाक लांब करून देतात वाटते."

मिस्त्री म्हणाला, "नवी नवरी हळदीनं वासती की नाही? तसंच हाय हे."

बाळराजांनी उभय पक्षांकडे पाहून अंगठा चोखला आणि तह फिसकटला.

इतक्यात सासूबाई लक्ष्मीबाई पेटते निरांजन तबकात घेऊन स्वयंपाकघरातून कूच करत्या जाहल्या. उंबरठा तीन पावलांवर राहिला. तेव्हा सुमतीबाईंनी झबली धुण्यास्तव काढलेल्या रिठ्याच्या पाण्याचा तांब्या उचलला आणि निरांजनावर, तबकावर व काही अंशी सासूबाईंच्या शालूवर रिता केला. मग रिवाज मोडून म्हणाल्या, "मामंजी, बाळ इकडे द्या." तीन पिढ्यांत त्या घरी सुनेचा असा शब्द कोणी ऐकिला नव्हता. अण्णासाहेब थक्क होऊन देते झाले.

पुढे खिडक्या उघडल्या, चूल विझविली आणि समस्त मंडळी अंगणात उभी राहिली. शालू निथळत असता लक्ष्मीबाई मिस्त्रीस म्हणाल्या, "मेल्या, चावी कुठली ती दाखव." आणि खाशा जाऊन ती बंद करत्या झाल्या. घरातला वास विरल्यावर नाथास बोलावणे गेले. त्याने चावी अंमळ सोडून सांध्यांस रिठ्याचा फेस लाविला, तो बेडकाच्या गळ्यासारखे फुगे आले. सातांत सहा सांधे फितूर निघाले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. त्या दिवशी घरात दिवा लागला नाही आणि माणूस एकही कमी जाहले नाही. नाथाने सांधे उकलून सफेदा-ताग भरला, पुरता वाळू दिला, दोनदा फेस लावून पाहिला. अण्णासाहेब सुनेशी अद्याप बोलत नाहीत, मात्र रोज सकाळी बाळास सांगतात, "आईस म्हणावे, रिठे भिजव."

परंतु मिस्त्रीचे जबानीत निघाले की, हेच मेण त्याने मागील महिन्यात कल्याणास पारनाक्याजवळ गोदूबाईंच्या घरी भरिले. बाईंच्या लेकाने हौसेने ग्यासचे दिवे बसवून दिले आणि आपण मुंबईस गेला. बाई एकट्या, आणि तपकिरीने त्यांचे नाक कधीच गेलेले. सुमतीबाईंनी दोन पत्रे धाडली, उत्तर नाही. तरी हे वाचणारा जो कोणी कल्याणाकडे जाणार असेल, त्याने चिलीम रस्त्यातच विझवावी, बाईंस बाहेरूनच हाक मारावी, आणि ओ आली की नाही ते आम्हास कळवावे.