होडीतली झोळी

“पोरीची झोळी होडीत टांगू नकोस गं,” शेजारच्या कालसोम मावशींनी मला बजावलं होतं. “होडी म्हणजे घर नव्हे. पाणी दिसलं की ती निघाली.”

मी हसण्यावारी नेलं. वादळी महिने सुरू झाल्यापासून सासऱ्यांची होडी माडांखाली वाळूत रुतलेली. आणि बालसंगोपनाची चार जाडजूड पुस्तकं वाचून पोर वाढवणारी मी! माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही, तिथे होडी कुठली सुटायला?

त्यात दालिलाला दात येत होते. दोन रात्री ती झोपली नाही, म्हणजे वाडीत कुणीच झोपलं नाही. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, बगळ्याच्या मानेसारखा एक कोरीव खांब आहे. त्यावर डोलकाठी आडवी टेकवून ठेवलेली असते. शेवटी तिलाच मी सारोंगची, आमच्या नेसायच्या लुंगीची, झोळी टांगली. समुद्रवाऱ्याने दोन झोके दिले आणि आमची राणी गाढ झोपली. मला तर त्या बगळ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

इतक्यात सासरे आले, पाठोपाठ अर्धी वाडी. वारा फिरला होता, आज उधाणाची भरती होती. आज होडी उतरली नाही तर पुढच्या उधाणापर्यंत ती वाळूतच, आणि इतरांची जाळी तर कालच पाण्यात पडली होती.

“अय्याह, दालिला झोपलीय,” मी सासऱ्यांना म्हटलं.

“मग उचल तिला.”

“हात लावला की उठते.”

“उठू दे.”

“चालेल. मग आज रात्री तुम्ही सांभाळा.”

सासऱ्यांनी भरतीकडे पाहिलं, झोळीकडे पाहिलं. “हळूच ओढू,” ते म्हणाले.

आता हळूच म्हणजे काय, ते ऐका. आमच्याकडे होडी ओरडून उतरवतात. पुढारी आरोळी ठोकतो, बाकीचे हो म्हणत एकदम जोर लावतात. सासऱ्यांची आरोळी समोरच्या बेटावरच्या कोंबड्यांना जाग आणते! मी एकेका माणसापाशी जाऊन सांगून आले: बोलायचं नाही, खोकायचं नाही, झोळीकडे फिरकायचं नाही. सासरे सुकाणूपाशी चढून बसले आणि डोक्याचं फडकं हलवून इशारे करू लागले.

गड्यांचा ताल काही जमेना. हे ओढत तेव्हा ते थांबत, ते ओढत तेव्हा हे घाम पुसत. होडी बोटभर पुढे, चिमूटभर मागे. फडकं हलवून सासऱ्यांचा हात दुखायला लागला, तसे ते वैतागून फळीवर आडवे झाले आणि फडकं तोंडावर ओढून घेतलं.

मी आपली झोळीवर डोळा ठेवून. कापड संथपणे वरखाली होत होतं. श्वास अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा!

घराच्या पायरीवर सासूबाई दोन्ही हात हलवून काहीतरी सांगत होत्या. मी तोंडावर बोट ठेवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मी पुन्हा बोट ठेवलं.

नेमके तेव्हाच रस्त्यावरून मशिदीत अजान देणारे बिलाल सायकलने चालले होते. त्यांना दिसलं ते असं: खाली माना घातलेले पुरुष, होडीत तोंड झाकून निजलेले म्हातारे जुसोह, म्हणजे माझे सासरे, आणि पायरीवर कपाळाला हात लावून बसलेली त्यांची बायको. सायकल वळली ती थेट बाजाराकडे.

बघता बघता माणसं यायला लागली. बायका डोक्यावरून पदर घेऊन, कुणी तांदळाची पिशवी घेऊन. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी ओठांवर बोट ठेवायची. त्याही बिचाऱ्या डोळे टिपून मान हलवायच्या. मला वाटलं, काय समजूतदार लोक आहेत! कालसोम मावशींनी तर मला पोटाशी धरलं.

“फार चांगला माणूस होता,” त्या कानाशी पुटपुटल्या. “फक्त ओरडायचा फार.”

“कोण ओरडायचा?” फळीवरून आवाज आला आणि म्हातारे उठून बसले.

दोन बायकांनी किंकाळी फोडली, तांदळाची पिशवी वाळूत पडली, आणि झोळीतून उडी मारून बाहेर आला आमचा चोमोत. मांजर!

मी झोळी चाचपली. दालिला? पाणी नाळेला लागलं होतं, होडीत पोर नव्हतं. मी ओरडले की काय, मला आठवत नाही. लोक म्हणतात, बेटावरच्या कोंबड्या उठल्या.

“इथे आहे गं!” पायरीवरून सासूबाई. त्यांच्या कडेवर दालिला, तोंडभर केळं. “तू गड्यांना गप्प करत फिरत होतीस तेव्हाच उठली. मी नेली. मघापासून तेच सांगतेय, तू बोलू देशील तर ना!”

मी तिला छातीशी घट्ट धरलं. पोरीने केळ्याचा हात माझ्या केसांना पुसला.

सासऱ्यांनी जमलेल्या शोकाकुल मंडळींवरून नजर फिरवली. “आलाच आहात तर दोर धरा,” ते म्हणाले आणि त्यांनी जी आरोळी ठोकली! एवढी माणसं आमच्या होडीला जन्मात मिळाली नव्हती. एका हिसक्यात ती पाण्यात. दुखवट्याचे तांदूळ मात्र सासूबाईंनी परत दिले नाहीत.

तुम्हीही हे इतक्या निवांतपणे वाचताय, म्हणजे तुमचंही बाळ झोपलं असणार. कापड वरखाली होतंय ना? असू दे. जरा उठा, आणि ते बाजूला सारून एकदा बघून या.