कारवीची पानं आणि चातुर्मास पाळणारा चोर

“अण्णा, कारवीची पानं तुम्हीच खाता काय?”

हा प्रश्न आजोबांना विचारायची माझी छाती नाही, अशी पैज नववी ‘ब’च्या मधल्या सुट्टीत लागली होती. मी विचारला. अण्णांनी पेपर खाली केला, चष्मा वर केला.

“एकदाच खाल्लंय. झाड लावल्यावर दुसऱ्या वर्षी. कडू हाय.”

“म्हणजे कबूल?”

“एक पान, आदिती. चावलं आणि थुंकलं.”

मी वहीत लिहिलं : संशयित पहिला. पूर्वीचा गुन्हा आहे.

माझी ओळख करून द्यायला हवी. मी आदिती सम्मेद मगदूम, कळंब्यातली एकमेव गुप्तहेर. दुसरी कोणी असेल तर ती इतकी गुप्त आहे की मलाही सापडलेली नाही, तेव्हा तिला धरायचं कारण नाही. माझी नजर घारीची. एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही. फक्त त्याचं नाव, गाव आणि तो कुठे पाहिला एवढंच विसरते. आजवर दोन प्रकरणं माझ्या नावावर आहेत. पहिल्यात पप्पांचा हरवलेला चष्मा सापडला, पप्पांना. दुसऱ्यात वर्गातल्या डब्यांतून लाडू चोरणारी मुलगी पकडली गेली. ती मी होते, पण तिला पकडायलाही मीच मदत केली हे कोणी लक्षात घेत नाही. दीप्ती माझी मदतनीस. वही धरणं आणि दर पाच मिनिटांनी “आता घरी जाऊ काय?” असं विचारणं ही तिची कामं.

आता प्रकरण. आमच्या बंगल्याच्या कोपऱ्यात कारवीचं झुडूप आहे. कारवी डोंगरात दिसते, कुणाच्या दारात नाही. सात वर्षांतून एकदा फुलते, आणि फुलली की वाळून जाते. अण्णा एसटीत कंडक्टर होते, गगनबावड्याच्या गाडीवर. तीस वर्षांत चार वेळा त्यांनी खिडकीतून डोंगर जांभळा झालेला बघितला. उतरून बघितला नाही. घंटीची दोरी त्यांच्या हातात, पण वेळापत्रक डेपोच्या हातात. निवृत्त झाले आणि डोंगर चढायचा म्हटलं तर गुडघे संपावर गेले. मग एका रोपवाटिकेतून त्यांनी रोप आणलं. पुढचा पावसाळा सातवा. अण्णा एक्क्याऐंशीचे. आठव्याचं बोलायचं नाही असं घरात न ठरवता ठरलेलं आहे.

आणि दिवाळीपासून पानं गायब व्हायला लागली. निम्मं झुडूप काड्यांचं झालं. असंच चाललं तर कळ्या धरायला काही उरणार नाही, असं अण्णा म्हणाले, आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. पेपर उलटा होता.

मी तर्काला बसले.

“दीप्ती, लिही. पावसाळाभर एका पानाला धक्का नाही. दिवाळीला चातुर्मास संपला आणि दुसऱ्या दिवसापासून चोरी सुरू. चातुर्मासात पालेभाजी कोण सोडतं?”

“तुम्ही जैन लोक.”

“म्हणजे चोर जैन आहे, धार्मिक आहे आणि चार महिने पालेभाजीसाठी तडफडलेला आहे.”

“म्हणजे तुमच्या घरातलंच कोणतरी.”

“तपासात तुमचं-आमचं नसतं,” मी म्हणाले, आणि विषय बदलला.

रविवारी संध्याकाळी मी झाडाभोवती आईची पांढरी रांगोळी पसरून सापळा लावला. सोमवारी सकाळी ठसे उमटले होते. जातानाचे दोन, येतानाचे दोन, सगळे आईच्या चपलांचे. आई घरचीच. तिच्या ठशांमुळे तपासात गोंधळ नको म्हणून मी ते झाडून टाकले. खाली काहीच उरलं नाही. चोर उडत आला होता, हे सिद्ध झालं.

तरी दीप्तीला कुरतडलेलं एक पान सापडलं, आणि मी शेजारच्या तानामावशीच्या शेळीवर बोट ठेवलं.

“शेळी चातुर्मास पाळती व्हय?” दीप्ती म्हणाली.

“मालकीण पाळत असेल तर शेळीला पर्याय नसतो.”

“मावशी दर रविवारी मटणाचा तांबडा रस्सा करतात. वास तुझ्या खोलीत येतो.”

तरीही आम्ही शेळीला अटक करायला कुंपणाशी गेलो. तानामावशी भांडी घासत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

“माझी शेळी दावणीला असती दिसभर. तुझी आई रोज सकाळी वाटी घिऊन त्या झाडापाशी काय करती, ते इचार की आधी. समदी गल्ली बघती.”

“पाणी घालत असेल.”

“वाटीनं? गुप्तहेर हाईस न्हवं? पान उलटं कर की एक.”

मी आठ दिवस भिंग घेऊन पानं तपासली होती, पण वरून. पान खालून कोण बघतं? दीप्तीने बघितलं. खाली सात हिरव्या अळ्या न्याहारीला बसल्या होत्या.

त्याच वेळी आई वाटी घेऊन बाहेर आली. वाटीत मेथीचं पान, पानावर दोन अळ्या.

“सरका गं. हळू, दचकतील त्या.”

“आई, तू यांना इथं सोडतेस?”

“मग काय मारू? जीव आहे तो. दिवाळीपासून मेथी, हरभरा, पोकळा, सगळी भाजी सुरू झाली. निवडताना रोज दोन-चार निघतात. तुळशीवर ठेवता येत नाहीत, गुलाबाला फुलं आहेत. जिथं फूल आहे तिथं मी कधीच ठेवत नाही. याला नुसती पानंच तर...”

ती थांबली. अण्णा दारात उभे होते. आईने वाटी पदराखाली घेतली.

“राहू दे, अरुणा,” अण्णा म्हणाले. “त्यांना बी पोट हाय.” आणि आत गेले. फवारणीचं कोणी नाव काढलं नाही. आमच्या घरात ते नाव कोणी काढणारच नव्हतं.

सूर्य मावळायच्या आत आम्ही जेवायला बसलो. ताटात मेथी होती. अण्णांनी ती खाल्ली. आई जेवली नाही. पप्पा म्हणाले, “भाजीच बंद करूया काय?” पण त्यांचा हात मेथीच्या भांड्यावर होता.

मला घरातलं काम आवडत नाही. भाजी निवडणं तर मी आजवर एकदाही केलेलं नाही. तरी मी हात धुऊन आले आणि उभी राहूनच सांगितलं.

“आई, पप्पा, ऐका. उद्यापासून भाजी मी निवडणार. झाडावरच्या आणि भाजीतल्या सगळ्या अळ्या डब्यात घालून रोज सायकलवरून कळंबा तलावाकडच्या झुडपांत सोडून येणार. अण्णांची गाडी यावेळी थांबली पाहिजे. फुलं येईपर्यंत गुप्तहेरी बंद. आणि आई, अळ्यांचा डबा माझ्या शाळेच्या डब्याशेजारी ठेवायचा नाही. त्यांनी माझी भाजी खाल्ली, तर तेवढी एक चोरी मला पकडता येणार नाही.”