सावेकाकांची लाल पेन्सिल

शाळेच्या परिपाठात रोज एक बातमी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. एका सोमवारी मी खणखणीत आवाजात वाचलं, "कोंबड्या चोरणाऱ्यास दहा वर्षे सक्तमजुरी."

मुख्याध्यापिका बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, किती कोंबड्या होत्या?"

"दोन," मी म्हटलं, आणि मग मलाच शंका आली.

छापलेलं होतं 'तीन महिने'. त्यावर लाल पेन्सिलीनं काट मारून वर सुबक अक्षरात 'दहा वर्षे' लिहिलं होतं. आता मी पडलो मास्तर. लाल अक्षर दिसलं की ते बरोबर आणि खालचं चूक, हे हाडात भिनलेलं. दुपारपर्यंत आठवीच्या वर्गातून नाहीशी झालेली खडूची पेटी आपसूक टेबलावर परत आली, हा या घोटाळ्यातला एकमेव फायदा.

तो आदल्या दिवशीचा पेपर सावेकाकांचा होता.

सावेकाका म्हणजे डोकमर्डी वस्तीतले आमचे शेजारी. मूळचे पालघरकडचे. सिल्वासाच्या कोर्टात शिरस्तेदार म्हणून उभी हयात घालवून दोनेक वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरातही पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. मुंबईचा पेपर वापीहून बसनं यायचा, तो यांच्या हाती अकराला पडायचा. मग पडवीतल्या वेताच्या खुर्चीत बसून काका आधी खून वाचत, मग दरोडे, मग अफरातफरी, आणि वेळ उरलाच तर पंतप्रधान. प्रत्येक शिक्षेवर लाल काट आणि वर वाढीव आकडा. वर आरोळी, "शिक्षा कमी पडली!"

ही आरोळी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. माझी बायको ती ऐकून भात टाकायची. आवाज जरा चढा असला की म्हणायची, "आज खून दिसतोय."

कोर्ट सुटलं तरी काकांचं कोर्ट उठलं नव्हतं. एकदा मी त्यांचा पेपर शब्दकोडं सोडवून परत केला, तर मला पंधरा दिवस पेपरबंदी झाली. सोळाव्या दिवशी सकाळी काका स्वतः पेपर घेऊन दारात हजर. "मास्तर, तुमची मुदत भरली," एवढंच म्हणाले.

दूध पिणाऱ्या बोक्याला त्यांनी तीन दिवस तडीपार केलं. पिशवीत घालून, बसनं, जातीनं भिलाडला सोडून आले. सिल्वासातून तडीपार होणं काही अवघड नाही, जरा जोरात चाललं की गुजरात लागतं. उलट दारूबंदीमुळे तिकडची मंडळीच दर शनिवारी आपखुशीनं तडीपार होऊन आमच्याकडे येत. बोका चौथ्या दिवशी परत आला. काकांनी त्याच्यापुढे वाटीभर दूध ठेवलं.

"काका, हे काय?"

"शिक्षा भोगून आलाय तो," काका म्हणाले. "आता कोण बोलणार त्याला?"

मी हसलो.

पडवीत दुसरीही एक खुर्ची होती. तिच्यात कुणी बसायचं नाही. मी एकदा टेकायला गेलो तर "राखीव आहे!" असा पुकारा झाला. कधीमधी मात्र तिच्यात एखादा अनोळखी माणूस बसलेला दिसे, पायाशी फडक्यात बांधलेलं बोचकं, समोर पुरीभाजी. मी समजे, पालघरचे नातेवाईक. काकांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात काही तारखांना लाल गोल असत. मी समजे, गॅस सिलिंडरच्या तारखा.

आणि मग रावजीचा अर्ज आला.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. पाण्याचा पंप चालू-बंद करायला आम्हाला माणूस हवा होता. रावजी सुरंगी गावचा, चाळिशीचा, हातात कसब असलेला. अडचण एकच. एका शेतावरची पाण्याची मोटर चोरल्याबद्दल तो दोन वर्षांची सक्तमजुरी भोगून चारच महिन्यांपूर्वी सुटला होता, आणि त्याला कुणी दाराशी उभं करत नव्हतं. बायको आणि दोन मुली माहेरी. घर चालवण्यापुरतं काम मिळालं तरच त्यांना परत आणता येईल, असं त्यानं अर्जात लिहवून घेतलं होतं.

रविवारी सकाळी पंपाच्या ओट्यावर सभा भरली. प्लॅस्टिकच्या कारखान्यातले भामरे, मूळ धुळ्याचे, त्यांनी तोंड उघडलं. "ओ मास्तर, मोटर चोरणाऱ्याच्या हातात मोटर? फोकटमध्ये रिस्क कशाला घ्यायची?"

सगळे हसले. रावजी बाजूला उभा होता, तोही कसनुसा हसला.

मी तर निश्चिंत होतो. काका सभेला आहेत म्हटल्यावर निकाल काय लागणार हे मला ठाऊक होतं. म्हणून वेळ वाचवायला मी ठराव आदल्या दिवशीच वहीत लिहून ठेवला होता. ही माझी जुनी खोड. पेपर तपासायच्या आधीच कोण नापास होणार हे मला माहीत असतं.

काका उठले. "रावजी, किती झाली होती तुला?"

"दोन वर्षं, सायेब."

"शिक्षा कमी पडली!"

भामऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "बघा! मी काय बोलत होतो?"

"अहो, मी तुम्हाला सांगतोय, भामरे," काका म्हणाले. "कोर्टानं दोन वर्षं दिली. ती तुम्हाला कमी पडली, म्हणून उरलेली इथं ओट्यावर बसून देताय. मी ओरडतो ते उगीच? कोर्टानंच भरपूर द्यावी, म्हणजे बाहेर आल्यावर लोकांना द्यायला काही उरू नये. याला तुरुंगात धाडायचं वॉरंट माझ्या हातचं आहे. त्यात शेवटची तारीख लिहिली होती मी. तुमच्या शिक्षेला तारीख कुठाय?"

मग रावजीच हळू म्हणाला, "सुटलो त्या दिशी सायेब आलते बसस्टँडवर. घरी नेला, खुर्चीत बसवला. पुरीभाजी दिली."

माझ्या डोक्यात ते सगळे पालघरचे नातेवाईक एकदम उठून उभे राहिले. गॅस सिलिंडरही.

"असं बघू नका, मास्तर," काका जरा ओशाळून म्हणाले. "ज्यांची वॉरंटं मी लिहिली, त्यांच्या सुटकेच्या तारखा मला पाठ होत्या. कुणी न्यायला आलंय का, एवढंच बघायला जायचो. बहुधा कुणी नसायचं. बरं, ठराव आणा बघू."

लपवायला वेळच मिळाला नाही. काकांनी वही उघडली आणि मी लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, "रावजीचा अर्ज सर्वानुमते नामंजूर करण्यात येत आहे." माझ्याकडे पाहिलं. कोंबडीचोराकडे पाहावं तसं. मग खिशातून लाल पेन्सिल काढली आणि 'नामंजूर'मधल्या 'ना'वर एक काट मारली.

भामऱ्यांनीच पहिला हात वर केला. "ठीक आहे ना काका, मी काय दुश्मन आहे का त्याचा?" मग रावजीकडे वळून, "ए भाऊ, उद्या सकाळी सहाला ये. माझ्याकडे पाणी चढतच नाही, पहिले ते बघ."

रावजी गेला. मी वही काखेत मारून निघालो तर काका पडवीत कॅलेंडरची पानं उलटत उभे होते. पुढच्या पानांवर एकही लाल गोल नव्हता.

"हा शेवटचा," ते म्हणाले. "माझ्या हातची वॉरंटं संपली."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, "एवढ्या वर्षांत त्या पेन्सिलीनं पहिल्यांदाच काहीतरी कमी केलं बघ."

दोन जुड्या निवडून झाल्यावर ती म्हणाली, "अहो, उद्यापासून त्यांचा पेपर घरी आणायचा नाही. सुट्टी असेल तेव्हा अकराला, नसेल तेव्हा संध्याकाळी, तिकडे त्या दुसऱ्या खुर्चीत बसून वाचायचा."

"किती दिवस?"

"जन्मठेप," ती म्हणाली, आणि भात टाकायला उठली.