जावईबापूंचं कुलूप-पिस्तूल

असोद्याच्या लोटन आबांना दुसरी नात झाली, त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार तेवीस साली, धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे आणि तो जे बोलेल त्याला हो म्हणायचं. आबांचे एकुलते एक जावई, धुळ्याचे जितेंद्रराव, लग्नापासून रुसलेले होते. लग्नात त्यांच्या मामांना टोपी-टॉवेल द्यायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून त्यांनी असोद्याची वेस ओलांडली नव्हती, आणि बायकोला, कामिनीलाही, माहेरी दोन रात्रींच्या वर राहू देत नव्हते. लेक यायची आणि पिशवी न सोडताच परत जायची.

या वर्षी मात्र जावई हो म्हणाले!

"पाहाजो तू आता," आबा बायकोला, बेबाबाईला, म्हणाले. "त्याचं मन असं राखतो का तो सोताच म्हनीन, कामिनीले महिनाभर राहू द्या!"

"तुम्ही तोंड बंद ठेवा, तेवढ्यानं भागीन," बेबाबाई म्हणाली.

जावई कामिनीला घेऊन आले. चहा झाला. आणि त्यांनी पिशवीतून पिस्तूल काढलं.

आबांचा चहा धोतरावर सांडला. टोपी-टॉवेलाची गोष्ट इथवर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं!

"घाबरू नका आबा, हे कुलूप उघडायचं मशीन शे," जावई म्हणाले.

पिस्तुलाला नळीच्या जागी लांब सुई होती, बगळ्याच्या चोचीसारखी. ती कुलपात घालायची, घोडा दाबायचा, की आत टकटक होते आणि कुलूप उघडतं, म्हणे! जावयांनी मोबाइलवर पाहून मागवलं होतं.

"किल्ली कोणाची हरवत नाही, आबा? मी सूतगिरणीतली नोकरी सोडतो आणि अख्ख्या खानदेशाची एजन्सी घेतो. पण आधी तुम्ही पारख करा. कामाचं शे का नाही, ते तुम्हीच सांगा."

आबांनी जन्मभर बैल पारखले होते, केळीचे कंद पारखले होते. पण तेव्हा बैल जावयाचा नसायचा.

पहिलं कुलूप कांद्याच्या खोलीचं. जावयांनी सुई घातली. टक. टक टक. टक टक टक! कुलूप ढिम्म. लाइट गेल्यावर विहिरीवरची मोटर बसते, तसं बसून राहिलं. जावयांचे कान लाल व्हायला लागले. लाल कान आबांनी लग्नाच्या मांडवात पाहिलेले होते.

"हाताले घाम आला असीन. हात धुऊन या," आबा म्हणाले.

जावई मोरीकडे वळले. आबांनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं आणि दांडी न दाबता नुसती टेकवून ठेवली. जावई आले. टक! कुलूप त्यांच्याच पायावर पडलं.

"उघडलं!" जावई ओरडले.

"उघडलं!" आबा त्याहून मोठ्याने ओरडले.

"आता दुसरं!" जावई म्हणाले. "शेजारच्यांचं आणा!"

आबांनी बेबाबाईकडे पाहिलं. बेबाबाई पदर खोचून गल्लीत गेली.

"अक्का, तुमच्या दाराचं कुलूप उघडंच टेकवून ठेवा," ती यशोदाबाईला म्हणाली.

"आणि घरात दूध हाये माझं! मांजर शिरली मंग?"

"जावई पहिल्या खेपेले आले, अक्का."

"असं का? मंग शिरू दे," यशोदाबाई म्हणाली.

असं करत अख्ख्या गल्लीने आपापली दारं उघडी टाकली आणि कुलपं नुसती लोंबती ठेवली. जावई पुढे, मागे गल्ली. टक, की कुलूप खाली! टक, की टाळ्या! पुना भाऊने तर ट्रॅक्टरच्या शेडचं कुलूप इतकं हलकं टेकवलं होतं, की जावयांनी सुई लावायच्या आधीच ते गळून पडलं.

"नुसतं पाहूनच घाबरलं!" पुना भाऊ म्हणाला.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण जावई म्हणाले, "ही सगळी जुनी कुलपं. नव्यावर दाखवतो!" दुकानातून त्यांनी वरवंट्याएवढं कुलूप आणलं. स्वयंपाकघरात बेबाबाई धोंडे तळत होती.

"सासूबाई, आतच थांबा, एकच मिनिट!" म्हणत त्यांनी दार ओढलं, कडी घातली, कुलूप दाबलं आणि तिन्ही किल्ल्या समोरच्या आडात फेकल्या. डुबुक!

आबांचा चेहरा राखेसारखा झाला.

टक टक. टक टक टक. मिनिट गेलं. बरीच मिनिटं गेली.

"अहो, तेल पेटीन!" आतून बेबाबाई.

"गॅस बंद कर!"

"केला. आता काय करू?"

"बस."

"किती वेळ?"

आबांनी मशीनकडे पाहिलं. "पाट घे," ते म्हणाले.

बेबाबाईला बसायची सवय नव्हती. तिने चौकटीला पाय लावला, आतली मूठ दोन्ही हातांनी धरली आणि अंगातली सगळी ताकद लावून दार ओढलं. चौकटीला वाळवी लागलेली होती. इकडे टक झालं, तिकडे कोयंडा उपटून आला आणि दार सताड उघडलं!

"उघडलं!" गल्ली ओरडली. एव्हाना सगळ्यांना सवय झाली होती.

कडीला कुलूप लोंबत होतं, कुलपात कोयंडा, कोयंड्याला लाकडाचा भुसा. जावयांनी कुलूप हातात घेतलं, ओढून पाहिलं. टाळ्या एकेक करून थांबल्या.

"आबा, हे कुलूप बंद शे."

"हो."

"मग सकाळपासूनची?"

ओट्यावर कामिनी उभी होती. तिने आताच आपल्या पिशवीकडे पाहिलं होतं. आबांनी ते पाहिलं. मशीनला हो म्हणावं तर जावयाची नोकरी जाते, नाही म्हणावं तर लेक जाते.

"उघडीच होती," आबा म्हणाले. "मशीन काही कामाचं नाही. नोकरी सोडू नका."

"पुना भाऊचं?"

"उघडं."

"यशोदाअक्कांचं?"

"मांजर दूध पिऊन गेली," यशोदाबाई म्हणाली.

जावई ओट्यावर बसले. मग धुळ्याची बोली तोंडात आली.

"बठ्ठी गल्ली? मनाकरता? दारे उघडी टाकीसन?"

"मग काय, अख्खी गल्ली, तुमच्याचसाठी," आबा म्हणाले.

जावयांनी डोळे पुसले. "लगीनमा एक टॉवेल नही भेटना, अन् आज..." मशीन त्यांनी आडात फेकलं, किल्ल्यांच्या मागोमाग. कामिनीला म्हणाले, "महिनाभर राहा माहेरी." आबांनी छाती पुढे काढली.

"मीही राहतो," जावई म्हणाले.

राहिले! त्यानंतर दर महिन्याला यायला लागले. सूतगिरणीला सुट्टी असो नसो, आठ-आठ दिवस मुक्काम. गल्लीतल्या प्रत्येक घरी चहा प्यायचे, कारण सगळी आपली माणसं.

"रुसलेले होते तेच बरं होतं," बेबाबाई पोळ्या लाटता लाटता म्हणायची.

लोटन आबा दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत, दुपारी जेवून झोपले ते झोपेतच वारले. जावई तेव्हाही मुक्कामालाच होते.